मलकण्णांची सहा जेवणं

मलकण्णांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि भांडण मीच काढलं होतं. मी तेव्हा सोलापुरात सरकारी दवाखान्याच्या सर्जिकल वॉर्डात नुकतीच सिस्टर म्हणून आले होते. बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दीड वर्ष झालं असेल. सकाळी दहाचा सुमार, मोठे डॉक्टर राउंडला यायची वेळ, आणि मी चादरी सरळ करत घाईने चालले होते. बघते तर अकरा नंबरच्या कॉटवर, मी तासापूर्वी घातलेल्या धुवट चादरीवर, एक उंचेला माणूस मांडी ठोकून जेवत बसलेला. मांडीवर पितळेची डबी, तीही पानसुपारीची असते तेवढीच. समोर अकरा नंबरचा पेशंट वाटीतला मऊ भात चिवडत होता.

"तुम्ही कोण?" मी विचारलं.

"मावसभाऊ."

"कुणाचे?"

"ह्येंचा की."

"भेटायची वेळ चार ते सहा आहे. आणि ही काय जेवायची जागा आहे?"

"आसं कसं सिस्टरबाई? ह्येंला तुमीच जेवायला बसवलंय न्हवं? येकट्याला जेवायचं भ्या वाटतंय त्येंला. मग मी काय हुबं ऱ्हाऊन बगू?"

मी त्यांना वॉर्डाबाहेर काढलं. त्यांनी वाद घातला नाही. डबीचं झाकण लावलं, चादरीवरची सुरकुती हाताने सारखी केली आणि गेले. ते गेल्यावर अकरा नंबरने वाटी बाजूला सारली आणि दुपारपर्यंत तोंड उघडलं नाही. एवढ्याने माझ्या डोक्यात प्रकाश पडला असता तर मी स्वतःला हुशार म्हटलं असतं. पण मला ते कळायला आणखी तीन दिवस लागले. तोवर मी रजिस्टर चाळलं आणि माझा पारा आणखी चढला. हा मनुष्य मागच्या आठवड्यात चार नंबरचाही मावसभाऊ होता. चार नंबरवर होते रसूलभाई टांगेवाले. नातं माझ्याच अक्षरात होतं, मान वर न करता लिहिलेलं.

रसूलभाई टाके काढायला आले तेव्हा मी त्यांना आडवं घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "हौ सिस्टर, मौसेरा भाईच है. आपका पेट कटा नै ना, आपकू नै समजता ये रिश्ता."

त्या काळी अल्सरवर गोळ्यांचा फारसा उपाय नव्हता. जळजळीत तिखट, दिवसाला दहा कप चहा, बिड्या, गिरणीच्या पाळ्या आणि कधीही केलेलं जेवण, यामुळे आमच्या वॉर्डात अशा पोटांचा तोटा नसायचा. दुखणं हाताबाहेर गेलं की डॉक्टर पोटाचा मोठा भाग कापून काढत आणि उरलेला आतड्याला जोडून देत. ऑपरेशनं आमच्याकडे उत्तम व्हायची. टाके सुकायचे, माणूस चालत घरी जायचा. खरी पंचाईत घरी गेल्यावर सुरू व्हायची, कारण पोट मुठीएवढं उरलेलं आणि ताट मात्र पहिल्याइतकंच. आम्ही डिस्चार्जच्या कागदावर लिहून द्यायचो, "थोडे थोडे खाणे." थोडं म्हणजे किती, कशाचं, कुणासमोर बसून, हे त्या कागदावर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही ठाऊक नव्हतं. मलकण्णांना ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांचंही पोट आमच्याच वॉर्डात कापलं होतं.

ते एका कापड गिरणीत साळखात्यात, म्हणजे मागांवर, जॉबर म्हणजे मुकादम होते, राहायला बाळीवेशीत. पन्नाशीचे. घरात कानडी, बाहेर आपली सोलापुरी मराठी. ऑपरेशनच्या आधी म्हणे त्यांचं नाव पैजेच्या जेवणासाठी गाजलेलं होतं. लग्नात सगळी पंगत उठली तरी मलकण्णांच्या पानाभोवती माणसं उभी राहत, आणि ते वाढणाऱ्याला दमवत. आता त्या देहातला निम्मा गेला होता. गालाची, दंडाची कातडी सैल पडली होती आणि शर्ट मात्र जुन्याच मापाचे होते. आत दुसरा मलकण्णा आरामात मावला असता. एकदा मी म्हटलं, "शर्ट जरा मापात करून घ्या की हो."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "ह्यो शर्ट बगितला की पेशंटला न सांगता कळतंय, ह्यो मानूस आदी कोन हुता."

खाण्याइतकंच, किंबहुना काकणभर जास्तच, त्यांचं नाव होतं आग्रहासाठी. लग्नकार्यात वाढायला लोक त्यांना मुद्दाम बोलवून नेत. मलकण्णा हातात बुंदीचं ताट घेऊन पंगतीत शिरले की मेहुणे-जावई पानावर आडवे हात धरत आणि त्याचा काही उपयोग होत नसे. हे सगळं ते स्वतःच रंगवून सांगायचे. फक्त सांगून झालं की एकदम दुसरा विषय काढायचे. मला वाटायचं, खाणं सुटलं त्याचं दुःख असेल.

डॉक्टरांनी त्यांना दिवसात सहा वेळा, थोडं थोडं खायला सांगितलं होतं. दुसऱ्या कुणी त्या सहा वेळा कशाबशा निभावल्या असत्या. मलकण्णांनी त्या वाटून टाकल्या. पहिलं जेवण घरी बायकोसमोर. दुसरं सात रस्त्याजवळच्या एका शिंप्याकडे, कारण तो नुकताच डिस्चार्ज घेऊन गेलेला. तिसरं आमच्या वॉर्डात. चौथं गिरणीत, एका अल्सरवाल्या कामगाराबरोबर. पाचवं आणि सहावं जिथे गरज असेल तिथे. पाळी बदलली की जेवणांची ठिकाणं बदलायची. कुणाच्या घरचा कणही ते घेत नसत. डबी आपली, घासही आपला. दहीभाकरीचा काला नाहीतर घट्ट वरणभात. समोर बसायचं, एक घास आपण घ्यायचा, एक त्याने. तीन दिवसांनी मला कळलं ते एवढंच.

"कापल्याल्या मानसाला दुकतं काय, म्हाइताय का?" ते मला म्हणाले होते. "टाकं न्हाय दुकत. घरातली समदी ताट घिऊन बसत्यात, आन् ह्यो वाटी घिऊन. बारक्या पोरागत वाटतंय त्येला. म्हनून समूर आनि येक वाटीवाला पायजे. दोगं झाली की पंगत झाली की."

त्यांचे नियम कडक होते. घास बोराएवढा. तो बत्तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी नाही, आधी नाही, लगेच नंतर नाही. गोडाला हात लावायचा नाही. जेवलं की पाव तास आडवं व्हायचं, मग घरात मंत्री येवो. चावणं ते मोठ्याने मोजायचे, तेही कानडीत. "ओंदु, एरडु, मूरु..." स्वतःच्या तोंडात घास असेल तेव्हा बोटांवर मोजायचे.

बायकांच्या वॉर्डात त्यांना जाता येत नव्हतं. तिथे नरसम्मा नावाची विणकाम करणारी बाई होती. तिला तेलुगू सोडून काही येत नव्हतं, आणि ती काही केल्या जेवत नव्हती. मलकण्णांनी तिच्या खिडकीखाली व्हरांड्यात बैठक मारली, भिंतीकडे पाठ करून, म्हणजे बायामाणसांकडे बघायचा प्रश्नच नको. बाहेरून त्यांचं "ओंदु, एरडु" चाललेलं, आत नरसम्माचं जावळ काढलेल्या पोरासारखं रडकं तोंड हलतंय. चौथ्या दिवशी ती आतून त्यांच्या पुढचे आकडे स्वतःच म्हणायला लागली. आठवड्यात त्या वॉर्डातल्या सगळ्या बायका बत्तीसपर्यंत कानडी शिकल्या. मलकण्णांनी तिचं तोंड आणि तिने त्यांचं तोंड कधी पाहिलं असेल असं मला वाटत नाही.

पण माणूस काही साधू नव्हता. नियम मोडणाऱ्यावर त्यांचं तोंड सुटायचं. सात रस्त्यावरच्या एका हॉटेलात बसून तो शिंपी जिलेबी खाताना त्यांना दिसला, तेव्हा भर दुकानात उभं राहून त्यांनी त्याची अशी खरडपट्टी काढली की गिऱ्हाइकांनीही आपापल्या बशा खाली ठेवल्या. आणि दुसऱ्याच्या जेवणाबद्दल ऐकायची त्यांची हौस काही गेली नव्हती. मी लग्नाला जाऊन आले की हमखास विचारायचे, "काय काय हुतं?" मी सांगत जायचे आणि ते डोळे मिटून ऐकत राहायचे. मधेच एखादा प्रश्न, "तूप ताजं हुतं का?" मी एकदा तूप वनस्पती होतं असं सांगितलं तर त्यांचा चेहरा खरोखर उतरला.

आता त्यांच्या तालमीबद्दल सांगते. आमच्याकडे माणूस आजारातून उठला की त्याला खाऊ घालणं हा प्रत्येक नातेवाइकाचा जन्मसिद्ध हक्क असतो. आत्या येते, मावशी येते, सासू तर येतेच येते. पान वाढतात, शपथ घालतात, रुसतात, डोळ्याला पदर लावतात. पोट कापलेला माणूस ऑपरेशनला भीत नाही, पण या बायांपुढे त्याचा टिकाव लागत नाही. म्हणून डिस्चार्जच्या आदल्या दिवशी मलकण्णा "नको" म्हणायची तालीम घ्यायचे. स्वतः सासू व्हायचे. डोक्यावर टॉवेल, हातात स्वयंपाकघरातून मागून आणलेला डाव.

"जावईबापू, येवडा येकच."

"नको मामी."

"माझ्या गळ्याची आन."

इथे निम्मे पेशंट हार खायचे. मलकण्णा डाव कपाळावर मारून घ्यायचे. "मेलास की रं! आन घातली की हात जोडायचं, हसायचं, आन् म्हनायचं, मामी, तुमचा गळा लई मोलाचा हाय, पर पोट बारकं हाय. म्हन परत."

एकदा त्यांनी मला सासू केलं. त्यांच्या मते माझा आवाज त्या कामाला फार बरा होता. मी कॉटजवळ डाव घेऊन उभी आणि पेशंटला डोळ्यात पाणी आणून विनवतेय, "माझ्या मेलेल्या आईची शपथ आहे तुम्हाला!" आणि सगळा वॉर्ड खिदळतोय. एकदम सगळे चिडीचूप झाले. दारात मोठे डॉक्टर. मी डाव पाठीमागे लपवला. डॉक्टरांनी राउंड घेतला. जाताना म्हणाले, "सिस्टर, त्या मावसभावाला वेळेचं बंधन ठेवू नका." माझी आई तेव्हा मोहोळला ठणठणीत होती, हे मला नंतर आठवलं आणि दोन दिवस वाईट वाटत राहिलं.

या तालमीत सगळ्यात तरबेज निघाला तो नामदेव. मार्केट यार्डात हमाल, अठ्ठावीस-तीस वर्षांचा, मूळचा मोहोळजवळच्या एका वाडीचा. आई कोंडाबाई, ती विधवा, हा एकुलता एक. पोती वाहून दंड खांबासारखे झालेले. ऑपरेशनही व्यवस्थित झालं. मलकण्णांनी त्याला सासू होऊन, आत्या होऊन, शेवटी गावचा पाटील होऊन आग्रह केला आणि तो एकदाही बधला नाही. "ह्यो माझा पयला नंबर," असं मलकण्णा सगळ्यांना सांगत सुटले.

वीस दिवसांनी नामदेवला परत आणलं तेव्हा मी ओळखलंच नाही. दंडाच्या ठिकाणी काठ्या. डोळे आत गेलेले. झालं होतं असं की घरी पोचल्यावर कोंडाबाईने शेंगाच्या गोड पोळ्या केल्या, वर तूप, आणि सोबत गुळाचं दूध. लेक मरणाच्या दारातून आला होता, तिने दुसरं काय करावं? नामदेवने हात जोडले, हसला, शिकवलेलं सगळं म्हणून दाखवलं. तिने ताट उचललं आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सासू, आत्या, पाटील यांची तालीम झाली होती, पण आईची कुणी घेतली नव्हती. त्याने दोन पोळ्या खाल्ल्या. पाव तासात घामाने न्हाला, छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि तो उंबऱ्यात कोसळला. कापलेल्या पोटात एकदम गोड गेलं की हे असं होतं. भयंकर दिसतं, पण थोड्या वेळात निवळतं. त्याला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. गोड खायचं नाही एवढाच नियम त्याला पाठ होता. तो उठला, पण आपण मेलो होतो हे त्याच्या मनात घट्ट बसलं. त्या दिवसापासून तो घास तोंडाजवळ नेला की थरथरायचा.

"खाल्लं की जीव जातुय, सिस्टर," एवढंच तो म्हणायचा.

मलकण्णा आले. डबी उघडून समोर बसले, घास घेतला. नामदेवने भिंतीकडे तोंड फिरवलं. चार दिवस असं चाललं. मलकण्णांनी गोडीने सांगितलं, शिव्या दिल्या, मोजून दाखवलं. चौथ्या दिवशी पहिल्यांदाच त्यांची डबी तशीच भरलेली परत जाताना मी पाहिली. मोठे डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "याला आता दुखणं काही उरलेलं नाही. पण खाल्लं नाही तर महिना काढायचा नाही." सलाईनवर माणूस किती दिवस ठेवणार? कोंडाबाईने ते ऐकलं आणि कागदावर अंगठा उठवून लेकाला घरी न्यायला निघाली. "मरायचंच आसंल तर आपल्या घरात मरंल," ती म्हणाली. मला त्या बाईचा राग आला होता. आता त्या रागाची लाज वाटते.

रविवारी माझी सुट्टी होती, माहेरी मोहोळला जायचं होतं. मलकण्णा स्टँडवर माझ्याआधी येऊन उभे. म्हणाले, "वाडीला चला माझ्यासंगं. येकट्यानं जायाला धीर हुईना."

घरात नामदेव गोधडीवर पडला होता. कोंडाबाईने आम्हाला पाट दिले, पाणी दिलं, आणि मी नको नको म्हणत असताना मलकण्णांपुढे ताट आणून ठेवलं. भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी. मलकण्णांनी हात जोडले, हसले. तिचा चेहरा पाहून त्यांचं हसू विरलं.

"तुमीबी न्हाय खानार?" ती म्हणाली. "ल्योक माझ्या हातचं खाईना. पाव्हनंबी खाईनात. माझ्या हाताला इख लागलंय का वो?"

मलकण्णांनी जोडलेले हात खाली घेतले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी तीन वर्षांत वॉर्डात कुणाला सांगितलं नव्हतं.

"आक्का, माझ्या शेजारच्या कॉटवर कल्याणप्पा मास्तर हुते. अक्कलकोटकडले. येकाच आटवड्यात दोगांची पोटं कापली. लई जीव जडला आमचा. दोन म्हयन्यांनी म्हनलं, मास्तरला भेटून यावं. बायकूकडनं हुग्गी करून घेतली, गव्हाची, गुळ घालून, वर तूप. मला सवताला गोड सोसत नव्हतं, पर वाटलं, माझ्या येकट्याचंच आसंल तसं. मास्तर नको नको म्हनत हुते. मी कुटला ऐकतुय? माझ्या गळ्याची आन घातली आन् तीन वाट्या खायाला लावल्या."

नामदेवने मान वळवली होती.

"घामानं भिजले मास्तर. छाती धडधडाय लागली. खाली पडले. मग उटून बसले. मी म्हनलं, पित्त आसंल, आन् निगून आलो. त्या दिवसापासनं मास्तरनी ताटाला हात लावला न्हाय. मला पत्ताच न्हाय. चार म्हयन्यांनी परत गेलो, तर भिंतीवर फोटू, आन् फोटूला हार." मलकण्णांनी गळ्यावरून हात फिरवला. "माझ्या हाताला इख नव्हतं, आक्का. तुमच्याबी न्हाय. माया हुती. पर किती घालायची, त्येचं माप नव्हतं मला."

मग गोधडीवरून आवाज आला, इतका बारीक की मी आधी ओळखला नाही.

"मास्तर त्या दिशी मेलं न्हायत?"

"न्हाय रं बाबा. अर्ध्या तासात उटून बसले. माझ्यासंगं बोलले, दारापतूर सोडाय आले."

"मग कशानं मेलं?"

"न खाऊन," मलकण्णा म्हणाले. "घामानं कोन मरत न्हाय. मास्तरला त्ये सांगायला कोन नव्हतं. मी हुतो, पर मलाबी ठावं नव्हतं."

नामदेव हाताच्या कोपरावर उठला. मलकण्णा त्याच्याकडे गेले नाहीत. ते कोंडाबाईला म्हणाले, "आक्का, तुमी कवा जेवलासा?" चुलीजवळची कालची भाकरीही तशीच होती, ती मला तेव्हा दिसली. मलकण्णांनी ताटातली चतकोर भाकरी मागून घेतलेल्या दुधात कुस्करली, साखर न घालता, तिची बोराएवढी गोळी केली आणि ती नामदेवला न देता तिच्या हातावर ठेवली. दुसरी गोळी स्वतः घेतली. तिसरी केली आणि ताटाच्या कडेला ठेवून दिली. "आग्रव सोडू नगा," ते तिला म्हणाले. "येका ताटात घालता त्यो सा येळा वाटून घाला. सकाळपासनं रातीपतूर करा आग्रव, कोन न्हाय म्हनतंय?"

तिसरी गोळी नामदेवने स्वतः उचलली. मलकण्णा बोटांवर मोजत होते. तो थरथरत होता, घाम आला होता, पण तो भीतीचा होता. त्याने गिळलं. मग दुसरा, मग तिसरा. आठ घास झाले असतील. कोंडाबाईचा हात सवयीने मोठा तुकडा घेऊन पुढे आला.

"आये, बास," नामदेव म्हणाला. "दोन तासानं दे."

तिने हात मागे घेतला. रुसली नाही. तो तुकडा तिने स्वतःच्या तोंडात घातला, आणि चावता चावता रडायला लागली. मलकण्णाही रडत होते. त्या सैल शर्टाच्या बाहीने डोळे पुसत तसेच बसून राहिले. मी सिस्टर होते, मरण रोज पाहत होते, पण त्या दिवशी मला आवरलं नाही.

मोहोळच्या स्टँडवर गाडीत चढताना ते म्हणाले, "सिस्टरबाई, ही गोष्ट वॉर्डात पयल्याच दिशी सांगितली आसती तर त्या पोराचं उपासाचं चार दिस वाचलं आसतं. लाज आडवी आली बगा." त्यानंतर ती गोष्ट त्यांनी प्रत्येक पेशंटला सांगितली. नियम मागाहून, मास्तर आधी. सांगताना दर वेळी त्यांचा आवाज त्याच एका जागी अडकायचा. मी एकदा म्हटलं, दर वेळी कशाला स्वतःला जाळून घेता? ते डबी घेऊन पुढच्या कॉटकडे गेले.

नामदेव उठला. क्विंटलची पोती उचलणं डॉक्टरांनी बंद केलं, तेव्हा मार्केट यार्डातच त्याला पोती शिवायचं काम मिळालं. अंगावर मांस चढलं. कोंडाबाई सहा वेळा वाढते आणि सहा वेळा भांडते, असं तो हसून सांगायचा.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. शेवटच्या दिवशी चार्ज देऊन मी वॉर्डातून एक फेरी मारत होते. सात नंबरवर नवा पेशंट होता, ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, वाटी हातात घेऊन नुसता बसलेला. त्याच्यासमोर नामदेव मांडी घालून बसला होता, स्वतःची डबी उघडून, आणि मास्तरांची गोष्ट सांगत होता.

"...आमच्या अण्णांनी गळ्याची आन घातली आन् मास्तरला हट्टानं खायाला घातलं. तीन वाट्या. मास्तर नको म्हनत हुतं, अण्णांनी ऐकलं न्हाय."

मी व्हरांड्यात आले. खिडकीच्या बाजूला, भिंतीला टेकून मलकण्णा उभे होते. वाजू नयेत म्हणून वहाणा काढून हातात धरलेल्या. आत नामदेव काही लपवत नव्हता, काही सौम्य करत नव्हता. मास्तर कशाने गेले, भिंतीवर काय होतं, सगळं सांगत होता. मलकण्णा मान खाली घालून ऐकत होते.

मी पुढे झाले. त्याला आता थांबवावं, निदान तुम्ही आलात हे कळवावं, असं मी हळूच म्हणाले. मलकण्णांनी नकारार्थी हात हलवला. आत सात नंबरने पहिला घास तोंडात घातला आणि नामदेव मोजायला लागला.

"ऱ्हाऊ द्या," मलकण्णा म्हणाले. "बरुबर सांगतुय त्यो."

आणि वहाणा तशाच हातात घेऊन ते अनवाणी जिना उतरून गेले.